गाड्या चढल्या, पण उतरणार कशा? – मोटारी वाहणारी वाघीण आणि आमचा वर्ग



आजचा पाठ एका खेळण्यावरचा आहे. अमेरिकेत रेल्वेच्या छोट्या प्रतिकृती बनवण्याचा छंद फार जुना आहे. मोठी माणसं घराच्या तळघरात रूळ, स्टेशनं, डोंगर, गावं उभी करतात आणि त्यावर हुबेहूब गाड्या चालवतात. त्यातलाच एक लाडका प्रकार म्हणजे मोटारी वाहणारी सपाट वाघीण. लांबलचक सपाट डबा आणि त्यावर ओळीने उभ्या केलेल्या चिमुकल्या मोटारी. लायनेल या खेळण्यांच्या कंपनीने १९५५ मध्ये चार मोटारी ठेवलेली अशी दुमजली वाघीण बाजारात आणली होती.

(वर्गात 'वाघीण' शब्द उच्चारला की हशा होणार, हे धरूनच चला. वॅगनची आपल्या लोकांनी वाघीण केली. मुलांना हे सांगून टाका, मग ती हसून मोकळी होतात आणि शब्द कायमचा लक्षात राहतो.)

या वाघिणीचा फोटो पाहून मी दोन वर्षांपूर्वी 'टाकाऊतून टिकाऊ'साठी एक प्रतिकृती केली. पुठ्ठा, बाटल्यांची बुचं, आइस्क्रीमच्या काड्या आणि मुलांकडून मागून घेतलेल्या पाच लोखंडी मोटारी. तिन्ही मजले केले, रंग दिला, मोटारी हलू नयेत म्हणून फेव्हिकॉलने पक्क्या चिकटवल्या. दिसायला फार छान झाली होती. वर्गात कपाटावर ठेवली.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी एका मुलीने विचारलं, "बाई, या गाड्या खाली कशा उतरणार?"

ही मुलगी वर्गात फारशी बोलत नाही. मी तेव्हा वह्या तपासत होते. "नंतर सांगते हं," म्हटलं आणि विसरले. खरं सांगायचं तर उत्तर मलाही माहीत नव्हतं. माझ्या वाघिणीवर मोटारी चढायलाच वाट नव्हती, तर उतरायला कुठून असणार? मी आकाश-पाळण्यासारख्या त्या वरून आणून ठेवल्या होत्या.

त्या 'नंतर'ला तीन आठवडे लागले. तेवढ्यात मी जे वाचलं, पाहिलं आणि नंतर मुलांबरोबर करून बघितलं ते इथे मांडते आहे. प्रतिकृती करायचीच असेल तर आधी या एका प्रश्नापासून सुरू करा, म्हणजे माझ्यासारखा फेव्हिकॉल वाया जाणार नाही.

आधी खऱ्या वाघिणीकडे बघू

अमेरिकेत सुरुवातीला नव्या मोटारी बंद डब्यांतून जायच्या. डब्याला बाजूने रुंद दार. त्या दारातून मोटार आत ढकलायची, आत फिरवायची, लाकडाने अडवून बांधायची. १९३० च्या दशकात डब्याच्या आत मोटार तिरकी उचलून धरणारी लोखंडी सोय आली, म्हणजे तिच्याखाली दुसरी बसेल. तरीसुद्धा एका डब्यात साधारण चारच मोटारी मावत. चढवण्या-उतरवण्यात वेळ जाई, माणसं लागत. शेवटी हा धंदा बराचसा रस्त्यावरच्या ट्रककडे गेला.

रेल्वेने तो परत मिळवला तो १९६० च्या सुमारास, आणि तोही एका साध्या कल्पनेवर: डबाच सपाट ठेवायचा, लांब करायचा आणि त्यावर मजले चढवायचे. ८५ आणि पुढे ८९ फूट लांबीची वाघीण, त्यावर दोन किंवा तीन मजल्यांचा लोखंडी सांगाडा. तीन मजली वाघिणीवर नेहमीच्या आकाराच्या पंधरा मोटारी बसत. चारवरून पंधरा! पण मुलांना इथे थांबवून विचारा, की तिसऱ्या मजल्यावरची मोटार वर गेली कशी? बहुतेक वर्गांत पहिलं उत्तर "क्रेनने" असंच येईल.

तर क्रेनने नाही. मोटारी स्वतःच्या चाकांवर चालत जातात. वाघिणीच्या टोकाला एक उतरण लावतात. मराठीत आपण सरळ रॅम्पच म्हणतो. हा रॅम्प चाकांवरचा असतो, ओढून आणता येतो आणि त्याची उंची कमी-जास्त करता येते, म्हणून एकच रॅम्प तिन्ही मजल्यांना पुरतो. चालक मोटार चालवत वर नेतो, मजल्यावरून पार दुसऱ्या टोकाला नेऊन उभी करतो आणि पायी परत येतो.

आणि एका वाघिणीमागे दुसरी, तिसरी जोडलेली असेल तर? प्रत्येकीला वेगळा रॅम्प लावायचा नाही. दोन वाघिणींच्या मधल्या फटीवर लोखंडी पट्ट्या टाकायच्या, आणि मोटार एका वाघिणीवरून दुसरीवर, तिथून तिसरीवर अशी पुढे जाते. या पद्धतीला अमेरिकेत 'सर्कशीची पद्धत' म्हणतात. एकोणिसाव्या शतकात तिकडच्या सर्कशी रेल्वेने गावोगाव फिरायच्या. त्यांचे पिंजऱ्यांचे गाडे असेच एका टोकाने चढवून सगळ्या डब्यांवरून ओळीने पुढे सरकवायचे. सर्कस गेली, नाव राहिलं.

ती मधली लोखंडी पट्टी सांगताना मी अडखळले. 'जोडपट्टी' म्हणून पाहिलं. मुलांनी दोन मिनिटांत नाव दिलं, 'साकव'! कोकणातल्या मुलांना ओढ्यावरचा साकव माहीत असतो. आता आमच्या वर्गात तो शब्द पक्का आहे, आणि या लेखातही तोच वापरते.

साकवाची एक गंमत प्रतिकृती करणारे हौशी लोक फार मन लावून दाखवतात. ट्रेलर वाहणाऱ्या सपाट वाघिणींना प्रत्येक टोकाला एकच पट्टी बिजागरीने बसवलेली असते, आणि तीही एका बाजूला. समोरच्या वाघिणीची पट्टी दुसऱ्या बाजूने येते. दोन्ही मिळून डाव्या आणि उजव्या चाकासाठी दोन वाटा तयार होतात. म्हणजे अर्धा पूल माझा, अर्धा तुझा. गाडी धावताना या पट्ट्या उभ्या करून ठेवतात, नाहीतर वळणावर काय होईल ते मुलांनाच विचारा. (आम्ही दोन पट्ट्या घेऊन बाकावर वळण घेऊन पाहिलं. आडवी पट्टी पहिल्याच वळणाला अडकली.)

बांधायचं कसं?

गाडी चालू लागली, ब्रेक लागला, धक्का बसला, तर मोटारी एकमेकींवर आपटणार. म्हणून सुरुवातीच्या सांगाड्यांवर प्रत्येक मोटार साखळ्यांनी बांधत. साखळीचा आकडा मोटारीच्या खालच्या सांगाड्याला अडकवायचा आणि मजल्यावरच्या खुंटीजवळ रॅचेटने ताणून घट्ट करायचा. पुढे साखळीऐवजी चाकांपुढे-मागे अडसर लावून पट्ट्याने चाकच आवळण्याची पद्धत आली. आपल्याकडे घाटात बंद पडलेल्या ट्रकच्या चाकाखाली दगड ठेवतात, त्याचीच ही सुधारलेली आवृत्ती म्हणा.

प्रतिकृतीत हीच गोष्ट सगळ्यात आधी राहून जाते. मोटारी ठेवल्या की काम झालं असं वाटतं. पण मन लावून करणारे लोक साखळीसुद्धा दाखवतात. त्यांच्यासाठी एका इंचात चाळीस कड्या असलेली बारीक साखळी विकत मिळते! वर्गात असलं काही लागत नाही. काळा शिवणदोरा दुहेरी पिळला की पुरे. मात्र दोरा बांधताना मुलांच्या एक गोष्ट आपोआप लक्षात येते. मोटारी अगदी चिकटून उभ्या केल्या, तर बांधायला बोटं जात नाहीत. मग त्या थोड्या अंतरावर लागतात, आणि मग "सहा मावतात" असं जे गणित केलं होतं ते बदलतं.

मापाचं गणित

हा भाग मला सगळ्यात फळला, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मुलांकडे त्या छोट्या लोखंडी मोटारी असतातच. लांबी साधारण ७ सेंमी. खऱ्या मोटारीची लांबी साधारण साडेचार मीटर, म्हणजे ४५० सेंमी. ४५० ला ७ ने भागा. उत्तर ६४ च्या आसपास येतं. म्हणजे खेळण्यातला १ सेंमी म्हणजे खऱ्यातले ६४ सेंमी. नकाशाचं प्रमाण शिकवताना आपण "१ सेंमी म्हणजे इतके किमी" सांगतो तेच हे, फक्त नकाशा हातात धरून चालवता येतो!

आता वाघीण. ८९ फूट म्हणजे साधारण २७ मीटर. २७०० भागिले ६४. उत्तर ४२ सेंमी आणि थोडं. पुठ्ठ्याची ४२ सेंमीची पट्टी कापायला लावा आणि मोटारी ठेवायला सांगा. सहा मोटारी एकमेकींना चिकटून बरोबर बसतात, सहा सात बेचाळीस. पण साखळीला जागा ठेवली की पाच. तीन मजल्यांवर पाच त्रिक पंधरा. वर दिलेला आकडा आठवा! पुस्तकातला आकडा आपल्या बाकावर तयार झालेला पाहून माझ्या वर्गाला किती आनंद झाला ते शब्दांत सांगता येत नाही. मलाही झाला.

हौशी लोकांच्या जगात १ ला ८७ आणि १ ला १६० ही प्रमाणं जास्त चालतात. हीच वाघीण पहिल्या प्रमाणात साधारण ३१ सेंमी, दुसऱ्यात १७ सेंमी. पाचवीच्या मुलांना हे भागाकार म्हणून द्या आणि तिन्ही पट्ट्या कापून शेजारी ठेवायला लावा.

एक सावधगिरी. दुकानातल्या त्या मोटारी सगळ्या एकाच प्रमाणात नसतात. पाकीट एकच आकाराचं, म्हणून ट्रकसुद्धा सात सेंमी आणि मोटारही सात सेंमी. एका मुलाने डंपर आणला, तो शेजारच्या मोटारीएवढाच! "बाई, हा डंपर आहे की डंपरचं पिल्लू?" मी त्यावरच पाच मिनिटं घेतली. मुलांनी प्रत्येक खेळण्याचं वेगळं प्रमाण काढलं. ठरवून केला असता तरी इतका छान स्वाध्याय जमला नसता.

रॅम्पवर पोट टेकतं

बुचांची चाकं लावली की आमच्या वाघिणीची सपाटी जमिनीपासून साधारण ४ सेंमी वर आली. पहिला रॅम्प एका गटाने ८ सेंमीचा केला. मोटार चढली, पण वरच्या कडेला पुढची चाकं वाघिणीवर, मागची रॅम्पवर आणि मधलं पोट कडेवर टेकलेलं. चाकं गरगर फिरतात, मोटार जागची हलत नाही. गतिरोधकावर खालून घासणारी गाडी सगळ्यांनी पाहिलेली असते, त्यामुळे कारण समजावून सांगावं लागलं नाही. रॅम्प १६ सेंमीचा केला, मग २४ चा. २४ वर पोट सुटलं.

इथे "उतार" शब्दाची व्याख्या फळ्यावर लिहायची घाई करू नका. दोन रॅम्प, एक मोटार आणि पट्टी एवढंच द्या. उंची तीच ठेवून लांबी वाढवली की चढ सोपा होतो हे मुलं स्वतः म्हणतात. एकीने तर घाटातला रस्ता वळणं का घेतो तेही यावरून सांगितलं.

चपातीचा डबा, रेशनची रांग आणि कपाट

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. उतरणार कशा?

पाच मोटारी घ्या. प्रत्येकीवर कागदाची चिठ्ठी चिकटवा आणि त्यावर पाच गावांची नावं लिहा. गाडी या गावांना क्रमाने थांबणार. एकच रॅम्प, वाघिणीच्या मागच्या टोकाला. मुलांना सांगा, मोटारी चढवा.

आमच्याकडे सगळ्या गटांनी पहिल्या गावाची मोटार पहिली चढवली. साहजिकच आहे, "पहिलं गाव पहिलं". गाडी पहिल्या गावी पोचली आणि पहिली मोटार पार आत, चार मोटारींच्या मागे अडकलेली! चारही उतरवल्या, पहिली काढली, चारही परत चढवल्या. दुसऱ्या गावाला तीन उतरवल्या, परत चढवल्या. एका गटाने प्रत्येक हालचाल मोजली. फुकटच्या उतरवण्या चार अधिक तीन अधिक दोन अधिक एक, म्हणजे दहा. आणि तितक्याच पुन्हा चढवण्या. वर्गात नुसता गोंधळ आणि हसू.

मग मी जेवणाचा डबा पुढे ठेवला. आईने पहिली चपाती डब्यात टाकली ती कुठे असते? तळाला. आपण पहिली कुठली खातो? सगळ्यात वरची. म्हणजे शेवटी टाकलेली पहिली निघते. वाट एकच असेल तर वाघीण म्हणजे चपातीचा डबा. शेवटच्या गावाची मोटार पहिली चढवायची.

आता रॅम्प दुसऱ्या टोकालाही लावा. एका बाजूने चढायचं, दुसऱ्या बाजूने उतरायचं. आता काय? आता ती रेशनच्या दुकानातली रांग झाली. जो आधी आला तो आधी सुटणार. पहिल्या गावाची मोटार पहिली चढवलेली आता बरोबर ठरते! तीच चूक, वाट बदलली आणि बरोबर झाली. हे पाहून एक मुलगा खरोखर चिडला होता. "मग आधी सांगायचं ना बाई, दार कुठे आहे!" त्याचं म्हणणं रास्त होतं.

ज्यांची मुलं पुढे संगणक शिकतील त्या पालकांसाठी सांगते. संगणकशास्त्रात या दोन मांडण्यांना 'स्टॅक' आणि 'क्यू' म्हणतात आणि कॉलेजात त्यावर धडे असतात. चौथीची मुलं ते मोटारी ढकलून शिकू शकतात.

तिसरी तऱ्हाही आहे, आणि ती मला सगळ्यात आवडली. १९७० मध्ये शेवर्ले कंपनीची व्हेगा नावाची छोटी मोटार आली. नेहमीच्या तीन मजली वाघिणीवर अशा अठरा मोटारी बसायच्या. जनरल मोटर्स आणि सदर्न पॅसिफिक रेल्वे यांनी मिळून एक वेगळीच वाघीण बनवली. त्यात मोटारी आडव्या नव्हे, उभ्या. नाक खाली, शेपूट वर! वाघिणीच्या दोन्ही अंगांना पंधरा-पंधरा दारं. दार खाली पाडलं की तेच रॅम्प बनतं. त्यावर मोटार चालवत न्यायची, अडकवायची आणि दारासकट उचलून बंद करायची. उचलायला फोर्कलिफ्ट. एका वाघिणीत तीस मोटारी.

इथे मुलांना विचारा, मोटार नाकावर उभी केली तर काय काय सांडेल? आमच्या वर्गातून पेट्रोल, ऑइल, पाणी आणि "ड्रायव्हरची पाण्याची बाटली" अशी उत्तरं आली. हे सगळं त्या अभियंत्यांनाही सुचलं होतं. मोटार उतरली की लगेच चालू व्हायला हवी होती, म्हणून तेल-पाणी काढून ठेवून चालणार नव्हतं. तेव्हा इंजिनात ऑइल भलतीकडे शिरू नये म्हणून आडोसा दिला. बॅटरीची झाकणं मागच्या कडेला उंचावर घेतली, म्हणजे ॲसिड सांडणार नाही. काच धुण्याच्या पाण्याची बाटली तिरकी, ४५ अंशांत बसवली. इंजिन आपल्या बैठकीवरून सरकू नये म्हणून प्लॅस्टिकचे ठोकळे खोचले. म्हणजे बघा, मोटार रस्त्यावर कशी चालेल एवढाच विचार पुरला नाही. ती वाघिणीत कशी शिरेल आणि बाहेर कशी येईल, यासाठी मोटारीची घडण बदलली.

आणि या वाघिणीत क्रमाचा प्रश्नच उरत नाही. हवं ते दार उघडा, हवी ती मोटार काढा. हे झालं कपाट. चपातीचा डबा नाही, रांग नाही. मग सगळ्याच वाघिणी अशा का नाहीत? कारण ते कप्पे फक्त त्याच मोटारीच्या मापाचे आणि तिच्याच खास रचनेसाठी होते. १९७७ मध्ये व्हेगा बंद झाली आणि हे सांगाडे निरुपयोगी ठरले. खालच्या सपाट वाघिणी मात्र दुसऱ्या कामाला लागल्या. साधं ते टिकलं.

उघड्या मजल्यांची गोष्ट इथे थोडक्यात उरकते. वाटेत लोक दगड मारायचे, वस्तू चोरीला जायच्या. म्हणून पुढे बाजूंना जाळीचे पत्रे, मग छत आणि टोकाला दारं आली. आजच्या अमेरिकन वाघिणीत मोटारी बाहेरून जवळजवळ दिसतच नाहीत. प्रतिकृती करायची तर जुनी उघडी वाघीण घ्या. मुलांना आत काय चाललंय ते दिसायला हवं.

गोल फिरणारी गाडी

या छंदातल्या एका विसंगतीने मला फार विचारात पाडलं. घरातल्या रुळांवर गाडी गोल गोल फिरते. मोटारींनी भरलेली वाघीण डोंगराच्या बोगद्यात शिरते, बाहेर येते, पुन्हा शिरते. भरलेलीच! खऱ्या जगात कारखान्यातून भरून निघालेली वाघीण परत येताना बहुतेक रिकामी असते. गोल रुळावरची वाघीण कधीच कुठे पोचत नाही. म्हणून जाणते हौशी लोक मोटारी कायमच्या चिकटवत नाहीत. काढता-घालता येतील अशा ठेवतात, आणि रुळाच्या एका कोपऱ्यात रॅम्प, मोटारी उभ्या करायचं आवार आणि दोन-चार माणसांच्या बाहुल्या उभ्या करतात. तेवढ्याने गाडीला जायला एक ठिकाण मिळतं.

मी घरी गेले आणि माझी ती फेव्हिकॉलवाली वाघीण गरम पाण्यात बुडवली. दोन मोटारींचा रंग गेला. ज्यांच्या होत्या त्या मुलांना नवीन आणून द्याव्या लागल्या.

आपल्या जवळचं

आता तुम्ही म्हणाल, अमेरिका कशाला? तर कोकणातल्या वाचकांना हे सांगायलाच नको. कोकण रेल्वेची रो-रो सेवा १९९९ पासून कोलाड ते गोव्यातल्या वेर्णापर्यंत मालाचे भरलेले ट्रक सपाट वाघिणींवरून नेते. टोकाचा रॅम्प, एकामागून एक वाघीण, ट्रक स्वतःच्या चाकांवर पुढे पुढे जाणारे. तीच सर्कशीची पद्धत. ट्रकचालक आपल्या केबिनमध्येच बसून प्रवास करतात. २०२५ मध्ये गणपतीच्या आधी खाजगी मोटारींसाठीही अशी सेवा सुरू केली. एका वाघिणीवर दोन, अशा चाळीस मोटारींची सोय, आणि माणसांना बसायला गाडीला जोडलेले वेगळे डबे.

एका वाघिणीवर दोनच का? आपली ही सपाट वाघीण साधारण चौदा मीटरची असते. १ ला ६४ ने २२ सेंमी. पट्टी कापा, सात सेंमीच्या तीन मोटारी ठेवा आणि दोरा बांधायला जागा राहते का पाहा. आणि तीन मजले का नाहीत? त्यासाठी बोगद्याचं चित्र काढायला लावा. कोकण रेल्वेवर बोगदे किती, हे आमच्याकडच्या मुलांना कान दुखेपर्यंत माहीत असतं.

शक्य असेल त्या शाळांनी रेल्वेची रीतसर परवानगी घेऊन, मोठ्यांच्या सोबतीने आणि रुळांपासून सुरक्षित अंतरावरून हे चढवणं मुलांना दाखवावं. रुळांजवळ मुलांना मोकळं सोडू नका, आणि वर विजेच्या तारा असतात हे आधी वर्गातच सांगून ठेवा. जमत नसेल तर पालकांपैकी कुणी ट्रकवर काम करत असेल, त्यांना अर्ध्या तासासाठी वर्गात बोलवा. आम्ही तसंच केलं. एका मुलाचे काका आले होते. त्यांनी चाकाला अडसर कसा लावतात ते बाकाच्या पायाला दगड लावून दाखवलं आणि जाताना म्हणाले, "चढवताना घाई चालते, बांधताना नाही."

तीन आठवड्यांनी नवी वाघीण घेऊन वर्गात गेले, तेव्हा प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीला मी पुढे बोलावलं. म्हटलं, "तू विचारलं होतंस ना, गाड्या उतरणार कशा? मी तुला नंतर सांगते म्हटलं होतं." ती काही बोलली नाही. वही घेऊन आली. वहीच्या मागच्या पानावर तिने तेव्हाच माझ्या वाघिणीचं चित्र काढून शेवटच्या टोकाला एक फळी लावली होती. म्हणजे तिने उत्तर शोधून ठेवलं होतं. मला दाखवलं मात्र नव्हतं.

मोटारी चढवायचं काम मी तिच्याकडे दिलं. रॅम्प लावला, साकव टाकला, दोन वाघिणींवर दहा मोटारी ओळीने गेल्या. सातवीपाशी ती थांबली.

"बाई, मधली एखादी बंद पडली तर? मागच्या कशा जाणार?"

या वेळी वह्या बाजूला ठेवल्या. वर्गाला विचारलं. ढकलायची, दोरीने ओढायची, त्या वाघिणीचं कपलिंग सोडून तीच बाजूला काढायची, मधूनच एक वेगळा रॅम्प लावायचा, अशी चार उत्तरं फळ्यावर आली. चारही करून पाहायची आहेत. शनिवारच्या तासाला पहिलं, 'ढकलायची', करून पाहिलं, तर ढकलणारी मोटार स्वतःच साकवावर अडकली. उरलेली तीन पुढच्या शनिवारी.